चोक धरणारी

माझ्या गाडीचा विषय निघाला की माझा भाऊ आणि माझा मेकॅनिक मला साफ विसरतात. त्या रविवारीही तेच झालं. सातपूरला शेखरच्या गॅरेजात दोघं बॉनेटखाली डोकी घालून भांडत होते, आणि मी, म्हणजे गाडीची मालकीण, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून गार झालेला चहा पीत होते.

"कार्बोरेटरच बरा," दीपकदादा म्हणाला. "घाटात अडली तर कुणीही पेचकस घेऊन चालू करून देतो. तुझं ते इंजेक्शन बसलं तर? नाशिकहून लॅपटॉपवाला येईपर्यंत हिनं तिथं जप करत बसायचं?"

"दादा, इंजेक्शन सहसा बसत नाही," शेखर म्हणाला. "आणि कार्बोरेटर बसल्याशिवाय राहत नाही."

"न बसणारी गाडी अजून जन्माला यायचीय."

"गाडी चालवतं कोण?" मी विचारलं.

दोघांनी माना वर केल्या. "तू," दादा म्हणाला आणि परत बॉनेटखाली गेला.

प्रश्न तसा साधा होता. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पाजायचं काम माझ्या गाडीत कार्बोरेटर करत होता. जुनी, लोखंडी, उघडून फुंकर मारता येईल अशी वस्तू. इंजेक्शनमध्ये तेच काम एक छोटा कॉम्प्युटर करतो. इंजिन थंड आहे की तापलंय, हवा किती येतेय, हे त्याचं तो ओळखतो आणि तेवढंच पेट्रोल सोडतो. जुन्या गाड्यांचे शौकीन या विषयावर रविवार रविवार घालवतात, हौसेने. माझी हौस नव्हती. या एका गोष्टीवर माझी नोकरी अडली होती.

मला दोन वर्षांची असताना पोलिओ झाला. दोन्ही पायांना कॅलिपर, काखेत कुबड्या. गाडीतली तिन्ही पेडलं माझ्या दृष्टीने शोभेची. दादा ओझरच्या विमानांच्या कारखान्यात फिटर होता. मी घरातलं शेंडेफळ, तो माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. माझी शाळा संपेपर्यंत मला उचलून सायकलवर बसवायचं आणि उचलून खाली उतरवायचं काम त्याचंच. नोकरी लागली तेव्हा मी त्याला सांगितलं, आता मला कुणी उचलायचं नाही. त्याने एक जुनी पांढरी आठशे शोधून आणली आणि माझ्या हातांची मापं घेतली, शिंप्याने घ्यावीत तशी. उजव्या हाताचा दांडा ओढला की वेग, ढकलला की ब्रेक. गिअरच्या दांड्यालाच क्लचची मूठ. स्टिअरिंगवर एका हाताने वळवायला गोल नॉब. आरटीओने गाडी आणि मी, दोघींना तपासून कागद करून दिले. तेव्हापासून मी नाशिकहून गिरणारे मार्गे हरसूलला जाते, तिथल्या सरकारी दवाखान्यात औषधं देते आणि परत येते. लोक मला गोळ्यावाली बाय म्हणतात. मला ते नाव माझ्या हुद्द्यापेक्षा जास्त आवडतं.

नवी ऑटोमॅटिक का घेत नाहीस, हे मला इतक्या जणांनी विचारलंय की उत्तर पाठ झालंय. जाऊन बघितली. सीट उंच. कुबड्या सोडून आत सरकताना शोरूममधल्या एका मुलाने मला मागून ढकललं. अगदी अदबीने ढकललं. मी तशीच बाहेर सरकले आणि घरी आले.

तर गाडी चांगली होती, फक्त थंड असली की तिला चोक लागायचा. चोक म्हणजे डॅशबोर्डावरचं एक बटण. ते ओढून धरलं की थंड इंजिनाला जादा पेट्रोल मिळतं, आणि इंजिन तापेल तसं ते थोडं थोडं आत सोडत जायचं. आमचं बटण झिजलेलं, सोडलं की आपलं आपण आत जायचं. दादाने दोनदा केबल बदलली, दोनदा ते पुन्हा तसंच झालं. पायवाल्यांना याचं काही वाटत नाही, त्यांचे हात रिकामे असतात. माझा एक हात वेगावर नाहीतर ब्रेकवर, दुसरा स्टिअरिंगवर नाहीतर गिअरवर. तिसरा हात आणायचा कुठून? सकाळी नाशिकात दादा यायचा, कोपऱ्यापर्यंत शेजारी बसून बटण धरायचा आणि तिथून चालत घरी जायचा. प्रश्न संध्याकाळचा होता. दिवसभर दवाखान्याबाहेर उभी राहून गाडी थंड झालेली, आणि निघाल्यावर थोड्याच वेळात घाटाचा चढ.

तो तिसरा हात मला चिमणाबाईंनी दिला.

चिमणाबाईंचा पाडा घाटाच्या माथ्यावर. सकाळी डोक्यावर पाटी घेऊन त्या पायी हरसूलला उतरायच्या आणि दवाखान्याच्या फाटकाशी बसायच्या. पाटीत उन्हाळ्यात करवंदं, पावसाळ्यात रानभाजी, एरवी शेंगा नाहीतर काकड्या. एका संध्याकाळी मी गाडीत बसून चोकशी झटापट करत होते. बटण ओढलं की वेग सुटायचा, वेग धरला की बटण आत. पाचसहा वेळा इंजिन घरघरलं आणि मेलं. मी गाडीला दोन शिव्या घातल्या, त्यातली एक बाईमाणसाने घालू नये अशी. चिमणाबाई उठून आल्या, खिडकीतून वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "कोनतं धरायचं ते सांग."

त्या दिवसापासून त्या धरत आल्या. रिकामी पाटी मागच्या सीटवर ठेवायच्या, पुढे बसायच्या, दोन्ही हातांनी बटण ओढून धरायच्या आणि माझ्याकडे बघत राहायच्या. मी "थोडं" म्हटलं की थोडं सोडायच्या, "अजून" म्हटलं की अजून. चढ लागेपर्यंत बटण पूर्ण आत गेलेलं असायचं, पण वर एखाद्या वळणावर इंजिन अडखळलं तर लागेल म्हणून त्या हात काढायच्या नाहीत. रस्ताभर एक शब्द बोलायच्या नाहीत. मी आपली बडबडायचे. पाड्याच्या वळणावर मी गाडी थांबवायचे, त्या उतरायच्या, पाटी घ्यायच्या आणि हात हलवायच्या.

याचा अर्थ मी माझ्यापुरता लावून टाकला होता. त्या माझं बटण धरतात, मी त्यांना घाट चढवून देते. फिटंफाट. मला कुणाचे उपकार अंगावर ठेवायला आवडत नाहीत आणि इथे ते राहत नव्हते. उलट एवढ्या वयाच्या बाईची पायपीट वाचवते म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घ्यायचे.

मग जानेवारीतली ती संध्याकाळ आली. चिमणाबाई भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या. मी बटणाला कपड्यांचा चिमटा लावला. ही युक्ती जुन्या गाड्यांचे सगळेच करतात. गाडी सुरूही झाली. पण चिमटा काढायला हात रिकामा होईना, इंजिनाला नको इतकं पेट्रोल जात राहिलं, मागून काळा धूर निघाला आणि घाटाच्या दुसऱ्या वळणावर गाडी थांबली ती थांबलीच. मी हँडब्रेक ओढला आणि हॉर्न वाजवत बसले. मागून एसटी आली. ड्रायव्हर, कंडक्टर, झाडून सगळे उतरले. कुणी चाकांना दगड लावले, कुणी गाडी ढकलून कडेला घेतली, एका आजीबाईंनी मला पाणी दिलं. त्यांच्या मदतीत कुठे काही कमी नव्हतं. आणि मग दोघांनी मला उचलून एसटीत नेऊन बसवलं.

उचलताना त्यांनी विचारलंही नाही. विचारायचं काय त्यात? एसटीची पायरी उंच, बाईला चढता येत नाही, उचला. गिरणाऱ्यापर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले, कारण मला रडू येत होतं आणि शेजारची आजीबाई मला धीर देत होती.

दुसऱ्या दिवशी दादा म्हणाला, "मेमध्ये बदल्या होतात. नाशिकमध्ये माग. तुला लगेच देतील."

"मला हरसूल सोडायचं नाही."

"मग गाडीचं काहीतरी कर. असं परत झालं तर मी स्वतः जाऊन साहेबांना सांगेन."

तो हे करेल, हे मला माहीत होतं. प्रेमाने करतो तो सगळं, आणि म्हणूनच त्याच्यापुढे काही चालत नाही. हरसूलला मी माझ्या हाताने जाते आणि माझ्या हाताने येते. रांगेतल्या माणसाला गोळी कधी घ्यायची हे सांगते. तिथे माझे पाय कुणाच्या लक्षात नसतात. नाशिकच्या कार्यालयात मला तळमजल्यावर टेबल देतील आणि डबा खायला बोलावतील. मला ते नको होतं.

म्हणून त्या रविवारी आम्ही गॅरेजात होतो.

"ताई, मी सांगतो तसं ऐका," शेखरने शेवटी माझ्याकडे तोंड वळवलं. "याच इंजिनाचं इंजेक्शनवालं मॉडेल नंतर आलं. अपघातातली एक गाडी माझ्याकडे पडलीय, मागून ठोकलेली, पुढचं सगळं शाबूत. तिचं सगळं यात बसतं. पंप, वायरिंग, कॉम्प्युटर. आरटीओची परवानगी काढू. चोक हा प्रकारच राहणार नाही. चावी फिरवायची. आणि दांड्यावरून हात काढला तरी इंजिन बंद पडणार नाही, ते स्वतःला स्वतः सांभाळतं."

"आणि घाटात मेलं तर?" दादा म्हणाला. "तिथे मोबाइलला रेंज नाही."

"दादाचं बरोबर आहे," शेखर म्हणाला. तो खरं बोलणारा माणूस आहे, म्हणून मी त्याच्याकडे जाते. "मेलं तर मेलं. मग तिथे कुणाला काही करता येणार नाही."

मी चहा खाली ठेवला. खरं सांगायचं तर निवड इंजिनाची नव्हतीच. कार्बोरेटर रोज थोडा थोडा अडणार आणि रोज कुणालातरी हाक मारायला लावणार. इंजेक्शन कदाचित कधीच अडणार नाही, पण अडलं तर एसटी आणि दोन माणसं. रोज थोडं थोडं मिंधं व्हायचं की कधीतरी एकदाच पूर्ण? मला रोजचा कंटाळा आला होता.

"इंजेक्शन," मी म्हटलं.

दादा हात पुसत बाहेर गेला आणि रस्त्याकडे बघत उभा राहिला. मला वाटलं आता हा आठवडाभर बोलणार नाही. पण पुढच्या रविवारी तो माझ्या आधी गॅरेजात हजर. नव्या इंजिनाची वेगाची केबल वेगळ्या बाजूने येत होती, त्यामुळे माझा दांडा बदलावा लागणार होता आणि ते काम तो शेखरला करू देणार नव्हता. गुडघे दुखतात त्याचे. तरी गाडीखाली आडवा पडला होता. मला हाताने ओढून बघायला लावायचा, जड वाटलं की परत काढायचा, परत घासायचा. ज्या गोष्टीला त्याचा विरोध होता ती त्याने माझ्यासाठी अशी बसवली की करंगळीने दांडा ओढला जातो. आभार मानले तर म्हणाला, "जास्त बोलू नको, तो पंधराचा पाना दे इकडे." भाऊ मिळावा तर असा, हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हणणार नाही, म्हणून इथे म्हणते.

गाडी ताब्यात आली त्या सोमवारी मी चावी फिरवली आणि ती चालू झाली. बस, एवढंच. थंडी होती, काचेवर दव होतं, आणि ती चालू झाली. कोपऱ्यापर्यंत बसायला म्हणून दादा स्वेटर घालून खाली आला होता. मी त्याला काचेतून हात दाखवला आणि निघाले. गंगापूर रोड ओलांडेपर्यंत माझं हसणं थांबत नव्हतं.

संध्याकाळी दवाखान्याबाहेर चिमणाबाई नेहमीसारख्या उठून आल्या. मी त्यांना चावी फिरवून दाखवली. त्यांनी डॅशबोर्डावर बटण शोधलं. तिथे शेखरने एक काळी गोल टिकली लावून भोक बुजवलं होतं.

"धरायचं नाय?"

"आता धरावं लागत नाही. आपोआप होतं सगळं. बसा."

त्यांनी टिकलीवर बोट दाबून बघितलं. मग म्हणाल्या, "ब्येस झालं," आणि पाटी डोक्यावर घेऊन चालू लागल्या.

मला वाटलं, काहीतरी काम असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी फाटकाशीच गाडी उभी केली, दार उघडून दिलं आणि म्हटलं, "बसा हो चिमणाबाई." त्यांनी मान हलवली. "जा तू. मी जाते चालत."

आता माझी झोप उडाली. सगळा उलगडा मला झाला, म्हणजे मला तसं वाटलं. म्हातारी मानी. काम नाही तर फुकट बसायचं नाही. इतकी वर्षं त्यांचा घाट मी वाचवत होते आणि एका टिकलीने तो त्यांच्या पायांवर परत टाकला. मी माझी सुटका करून घेतली आणि त्याची किंमत या बाई भरतायत. रोज संध्याकाळी रस्त्याच्या कडेने जाणारी त्यांची पाटी मला दिसायची, मी हॉर्न द्यायचे, त्या हात हलवायच्या आणि मी पुढे जायचे. गाडी उत्तम चालत होती. मला मात्र वाटायचं की शेखरला सांगून तो झिजका चोक परत बसवून घ्यावा. बदलीचा विषय मागे पडला होता. दादा खूश होता. मीच तेवढी चिडलेली.

शेवटी एके दिवशी मी ठरवलं की हा विषय संपवायचा. गाव संपल्यावर सपाट रस्ता लागतो, तिथे मी त्यांना गाठलं आणि गाडी त्यांच्या बाजूला घेतली.

"चिमणाबाई, बसायचं का नाही ते मला आज सांगा."

त्या चालतच राहिल्या. मला वाटलं गाडी आता आचके देईल. पण पहिल्या गिअरमध्ये, वेगाच्या दांड्याला हातही न लावता, ती त्यांच्या चालीने चालू लागली. जुन्या गाडीला हे कधी जमलं नसतं, चार हातांवर मेली असती. मी काच पूर्ण खाली केली.

"फुकट बसायचं नाही असं असेल तर मी काम देते तुम्हाला. शेंगा निवडा माझ्या. नाहीतर गप्पा मारा. पण तुम्ही माझ्यामुळे चालायला लागलात हे मला नाही आवडत."

"तुझ्यामुळं?" त्या हसल्या. पुढचे दोन दात नाहीत त्यांचे, हसल्या की सगळं हसू दिसतं. "अगं बाय, मला गाडी लागते."

मला आधी कळलंच नाही.

"लागते म्हंजी मळमळतं. ल्हानपनापासून. एसटीत बी नाय बसत मी. माझ्या पोरीच्या घरी पेठला जायचं तरी डोंगरातून जाते. तुझ्या गाडीत बसले की घाट संपंस्तोवर आतडी वर येयाची. तोंडात चिंच धरून ठेवायची मी. म्हून तर बोलत नसं. तोंड उघडलं असतं तर समदं तुझ्या गाडीतच झालं असतं."

"रोज?"

"रोज. खाली उतरले की जराशी बसायची धोंड्यावर. डोकं थांबलं की जायची घरला."

मागून जीप आली, हॉर्न देऊन बाजूने गेली. मी स्टिअरिंग सरळ धरलं होतं, एवढंच मला करता येत होतं.

"मग बसायचात कशाला?" माझा आवाज चढला. राग आला की मला रडू लपवता येतं. "सांगायचंत ना मला!"

"सांगून काय करायचं व्हतं? तुला दोनच हात. तुला घरी जायाचं व्हतं." त्यांनी पाटी एका हाताने सावरली. "मला काय, माझी पायवाट हाय. मधल्या वाटंनं लय लांब नाय. त्या दिशी तुझी गाडी सुरू झाली ना बिनचोकाची, म्या घरी जाऊन सांगितलं, सुटले गं बाय!"

आणि त्या परत हसल्या. मलाही हसू आलं आणि दुसरंही आलं, दोन्ही एकदम, आणि डोळे पुसायला हात लागतो. मी दांड्याजवळचा हात उचलला आणि पुसले. गाडी चालत राहिली.

मी त्यांना घाट चढवून देत होते म्हणे! मी रोज त्यांचे अर्धा तास हाल करत होते, आणि त्या दोन्ही हातांनी बटण धरून, चिंच चघळत, मी कधी "थोडं" म्हणते म्हणून माझ्या तोंडाकडे बघत बसत होत्या. हिशोब फिटलाय असं मी स्वतःच ठरवलं होतं. त्यांच्याकडे हिशोबच नव्हता. त्या आल्या होत्या कारण मी अडले होते, आणि मी अडायची थांबले तशा आनंदाने निघून गेल्या. ज्याच्यापासून मी जन्मभर पळत आले ते इतकी वर्षं माझ्या शेजारच्या सीटवर बसून होतं आणि त्याने मला एकदाही उचलल्यासारखं वाटू दिलं नव्हतं.

"चिमणाबाई," मी म्हटलं, "मी तुमची फार आभारी आहे." पुस्तकातलं वाक्य. हरसूलच्या रस्त्यावर ते कुणी म्हणत नाही. पण मला दुसरं येत नव्हतं आणि न म्हणता राहवत नव्हतं, म्हणून मी ते परत एकदा म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ आम्ही तशाच गेलो, त्या कडेने आणि मी त्यांच्या बाजूने. त्यांना आता बोलता येत होतं, आणि त्या बोलायला बसल्या की थांबत नाहीत हे मला त्या दिवशी कळलं. भाचीचं लग्न, नागली यंदा कशी आली, पेठच्या लेकीला तिसरी मुलगी झाली आणि नवरा रुसला तेव्हा यांनी जावयाला काय सुनावलं. एसटी आली तेव्हा मी कडेला घेतली. ड्रायव्हर ओळखीचा झालाय, त्याने मान बाहेर काढून विचारलं, "बाई, बिघाड?" मी त्याला जा म्हणून खूण केली.

घाटाच्या पायथ्याशी पायवाट फुटते. चिमणाबाईंनी तिकडे वळताना मागे न बघता हात हलवला आणि झुडपांत दिसेनाशा झाल्या. मी दुसरा गिअर टाकला, मग तिसरा, आणि घाट चढले. एकटी. इंजिन एकदाही अडखळलं नाही. ज्या वळणावर मला उचललं होतं ते गेलेलं माझ्या लक्षात पुढच्या वळणावर आलं.

माथ्यावर, पाड्याच्या वळणाशी रस्ता रुंद आहे, जीपवाले तिथे गाड्या वळवतात. मी गाडी तिथे कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं. या रस्त्यावर मी आपणहून गाडी कधी बंद केली नव्हती. बंद केली तर परत सुरू होईल की नाही, ही धास्ती इतक्या वर्षांची होती. आता खाली दरीतून कुठेतरी गुरांच्या घंटा वाजत होत्या आणि पायवाटेवरून वाळलेली पानं मोडत कुणीतरी येत होतं.

चिमणाबाई वर आल्या. मला बघून त्यांची पावलं थबकली आणि मग त्या जवळजवळ पळतच गाडीपाशी आल्या. पाटी खाली ठेवली, खिडकीत वाकल्या. धाप लागली होती.

"बंद पडली का गं? काय धरू?"

"नाही," मी म्हटलं. "मीच बंद केली. तुमची वाट बघत होते."